हागणदारीमुक्त बोरजळा

"गुरुजी, आज खोकायचं नाही," ग्रामसेवक घोळवे म्हणाले आणि माझ्या हातात शिट्टी ठेवली. "साहेब स्वतः आलेत. आज वाजवायची. चांगली जोरात."

पहाटेचे पावणेपाच वाजले होते. ग्रामपंचायतीपुढं जीप उभी होती आणि आत गटविकास अधिकारीसाहेब कानटोपी घालून बसले होते. मी बोरजळ्याच्या शाळेवरचा मास्तर, टेकाळे. मास्तरांनी तोवर जनावरं मोजली होती, मतदार मोजले होते, पण त्या वर्षी सरकारनं आमच्याकडं जे काम दिलं त्याला तोड नव्हती. गुडमॉर्निंग पथक! अंधारात उठायचं, टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला गाठायचं, शिट्टी फुंकायची, हातात गुलाबाचं फूल द्यायचं आणि त्याचा फोटो काढून फाइलला लावायचा. माणूस लाजला की सुधारतो, असं वर कुणीतरी ठरवलं होतं. ज्यानं ठरवलं त्याला जन्मात कधी जुलाब झाले नसावेत.

माझ्याकडं बायकांची बाजू होती. गावाबाहेर एक पडकी विहीर आणि तिच्यामागं बाभळीचं बन, बाया तिकडं जायच्या. "गुरुजी सज्जन माणूस, त्यांनाच ठेवा तिकडं," असं सरपंच अंकुशराव म्हणाले होते. आता सज्जन माणसानं तिथं करायचं तरी काय? मी लांबूनच खोकायचो. खोकला ऐकला की बाया उठून चालत्या व्हायच्या. मग मी रिकाम्या बाभळींचा फोटो काढायचो आणि वहीत 'निरंक' लिहायचो. दोन महिने हा कारभार बिनबोभाट चालला. दिवसा वाटेत भेटल्या की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

"गुरुजी, खोकला लई दिवस राह्यला की. काढा करून देऊ का?"

असं म्हणणारी कौसाबाई. खडी फोडायला जाणाऱ्या तुळशीरामाची बायको. तिशीची असेल. मूलबाळ नव्हतं, पण बाईच्या तोंडावर कधी रडगाणं नाही. नवरा-बायको दोघंही एकाच खाणीवर जायची आणि येताना तुळशीराम तिची पाटी आपल्या डोक्यावर घ्यायचा. गाव त्याला बाईलवेडा म्हणायचं. तो मान डोलवायचा, "हाय बाबा, हाय," म्हणायचा.

तुम्ही विचाराल, बाया बाभळीत का जात होत्या? कागदावर तर गावात एकशे चौदा संडास होते. एकशे चौदा फोटोही होते. आता हे मीच सांगू शकतो, कारण त्यातलं अक्षर माझं आहे. गावात खरा संडास एकच, सरपंचाच्या घरामागं. त्याच्या दारावर खडूनं कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचं, ते कुटुंब दारापुढं उभं करायचं, फोटो झाला की नाव पुसायचं आणि दुसरं लिहायचं. एका दुपारी सगळं गाव उरकलं. अंकुशरावांनी रांगेला चहासुद्धा पाजला. कौसाबाई त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. फोटो झाल्यावर तिनं विचारलं, "गुरुजी, आलोच हाय तर एकदा आत जाऊन येऊ का?" रांग नुसती खिदळली. अंकुशरावांनी मात्र घाईनं कुलूप लावलं.

तर त्या पहाटे साहेब जीपमधून उतरले आणि माझ्याबरोबर चालू लागले.

"टेकाळे, तुमचा भाग रोज निरंक कसा हो?"

"बायका ऐकतात साहेब."

"ऐकतात की तुम्ही ऐकवता?" ते हसले नाहीत. "आठ दिवसांनी राज्याची समिती येतेय. पुरस्कार तालुक्यात पहिल्यांदाच येणार आहे. मला एकही बाई तिकडं दिसता कामा नये. आणि तुमचा बदलीचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे, चार वर्षं झाली ना?"

चार वर्षं झाली होती. माझी बायको तालुक्याला, तिच्या दोन्ही गुडघ्यांनी तिला अंथरुणाला खिळवलेलं, आणि मी आठवड्यातून एकदा जाऊन तिचं धुणं-पाणी करून यायचो. हे साहेबांना ठाऊक होतं.

विहिरीपासून पन्नास पावलांवर आम्ही थांबलो. अंधार होता. पुढं बाभळीत बायांची कुजबुज ऐकू येत होती. कुणीतरी हसलं. माझ्या घशात खोकला आलाच होता. साहेबांनी माझ्या खांद्याला बोट टोचलं.

मी शिट्टी फुंकली.

एकदम गलका झाला. "अगं माय", "पळा गं", बांगड्या वाजल्या, काटक्या मोडल्या. साहेबांनी बॅटरीचा झोत टाकला तशा बाया तोंडं झाकून वाट फुटेल तिकडं धावल्या. "आणखी वाजवा," साहेब म्हणाले. मी आणखी वाजवली. मग दगड घसरल्याचा आवाज आला आणि क्षणभरानं खाली कुठंतरी जड काहीतरी आदळलं.

"पळाल्या," साहेब म्हणाले. "हे तुम्ही दोन महिन्यांपूर्वीच करायला हवं होतं."

उजाडलं तेव्हा विहिरीच्या काठावर एक टमरेल आडवं पडलेलं दिसलं. त्या विहिरीला कठडा नव्हता. दोन वर्षं पाणीही नव्हतं, तळाला नुसता खडक. मी काठावर ओणवा होऊन पाहिलं. कौसाबाई एका कुशीवर पडली होती आणि तिची मान जशी वळायला नको तशी वळलेली होती. मी हाका मारल्या. दोनदा, तीनदा. 

घोळवे धावत आले. त्यांनी आधी विहिरीत पाहिलं, मग टमरेलाकडं पाहिलं. माणूस म्हणून वाईट नव्हते हो घोळवे. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण हात आधी टमरेलाकडं गेला.

"हे पंचनाम्यात आलं तर गाव गेलं, साहेब."

"मग?"

"पाणी आणायला आली होती. पाय घसरला." ते टमरेल घेऊन जीपकडं पळाले, तिथून ग्रामपंचायतीत गेले आणि पाहुण्यांच्या पाण्याची पितळी कळशी घेऊन आले. ती त्यांनी काठावर आडवी ठेवली. लांब होऊन पाहिली, पुन्हा थोडी सरकवली. मी बघत होतो. 

तुळशीरामाला कुणीतरी कळवलं होतं. तो आला तो थेट दोर बांधून खाली उतरला. चार माणसांनी तिला वर घेतलं. तिचं डोकं मांडीवर घेऊन तो बसला आणि बराच वेळ तिच्या केसांतली माती काढत राहिला. मग त्याची नजर कळशीवर गेली.

"ही आमची न्हाई."

त्यानं काठावर आजूबाजूला पाहिलं.

"आमच्यात पितळी न्हाई. तिनं टमरेल नेलं होतं. टमरेल कुठंय?"

"तुळशीराम, धीर धर बाबा," घोळवे म्हणाले.

दहा वाजता ठाण्यातून जमादार आले. मोठ्या पोटाचे, अनुभवी गृहस्थ. घोळव्यांनी सांगितलं तसं ते लिहीत गेले. 'मयत ही पाणी आणण्यास विहिरीवर गेली असता' इथवर आले आणि त्यांनी उठून विहिरीत वाकून पाहिलं.

"यात पाणी कुठंय हो?"

घोळव्यांनी कळशीकडं पाहिलं. साहेब मात्र त्याहून घाबरले. त्यांनी घोळव्यांचा दंड धरला आणि दात आवळून म्हणाले, "अहो, पाणी आणायला ती जाईलच कशी? घरोघरी नळ दिलेत आपण! ती फाइलसुद्धा याच समितीपुढं आहे."

गावात नळ होते, खोटं कशाला बोलू? प्रत्येक दारात एक. त्यांना अजून पाइप जोडायचा होता एवढंच.

जमादारांनी पेन टोपणात घातलं. "मग मला असं सांगा साहेब, संडास घरात, पाणी घरात. बाई पहाटे घरातनं निघाली कशाला?"

 कागदावर त्या बाईला उंबरा ओलांडायला एकही कारण आम्ही शिल्लक ठेवलं नव्हतं. शेवटी जमादारांनीच वाट दाखवली. लांब बसलेल्या तुळशीरामाकडं हनुवटीनं खूण करत ते म्हणाले, "घरात काही तंटाबखेडा?"

साहेबांनी मोकळा श्वास सोडला तो मला ऐकू आला. "असेल," ते म्हणाले. "गरिबांच्या घरी असतोच."

'घरगुती वादातून रागाच्या भरात विहिरीत उडी' असं लिहून झालं. पंचनाम्याखाली दोन पंचांच्या सह्या लागतात. एक अंकुशरावांची झाली. दुसरीसाठी कागद माझ्यापुढं आला. "सुशिक्षित माणूस पाहिजे," जमादार म्हणाले. मी सही केली. आईशपथ सांगतो, तेव्हा मला वाटलं की हा नुसता कागद आहे. समिती गेली की साहेब मिटवतील. घोळव्यांनी मला तसं बाजूला घेऊन सांगितलंही होतं. "आठच दिवस, गुरुजी." लोक तुळशीरामाला मातीला घेऊन गेले आणि मातीहूनच जमादारांनी त्याला जीपमध्ये घातलं.

तिसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेलो. भाकरी आणि पिठलं बांधून घेतलं होतं. तुळशीराम भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. मला पाहून तो धडपडत उठला, अगदी शाळेत पोरं उठतात तसा.

"गुरुजी आले! साहेब, आता यांना इचारा. हे खोटं बोलायचे न्हाईत." तो जमादारांना सांगत होता. "गुरुजी, सांगा की. ती परसाकडं गेली होती. रोज जाती. सगळं गाव जातं. म्या तिला कधी एक चापट मारली न्हाई हो."

जमादार खुर्चीत मागं रेलले. "तुझ्या घरात संडास आहे. दारापुढं दोघांचा फोटो आहे, तुझी बायको हसतीय फोटोत. आता घरचा संडास सोडून बाई बाभळीत जाईल का?"

"त्यो सरपंचाचा हाय की!"

"त्याच्यावर तुझं नाव आहे." मग ते माझ्याकडं वळले. "काय गुरुजी? काही लिहून द्यायचंय का तुम्हाला?"

विचारताना त्यांनी खरोखरच कोरा कागद पुढं ओढला होता. पुढं कधीतरी मी मनाची समजूत घातली की ते चेष्टेनं विचारत होते. नव्हते. मी बोललो असतो तर त्यांनी लिहून घेतलं असतं. कदाचित फाडलंही असतं, पण आधी लिहिलं असतं.

"मी काही पाहिलं नाही," मी म्हणालो. "अंधार होता."

तुळशीरामानं मान हलवली. त्याला माझं पटलं होतं! "व्हय, अंधारच असतो. बाया म्हणत्यात शिट्टी वाजली. कुणाची ते सांगत न्हाईत, त्यांना भ्या घातलंय, नाव काढलं तर घरकुलाच्या यादीतून नाव जाईल म्हणून. साहेबाचीच आसंल. तुम्ही तिथं असता तर खोकला असता."

मी भाकरीचं फडकं त्याच्या हातात दिलं आणि बाहेर आलो. एसटीच्या फलाटावरून मी एकदा ठाण्याच्या दारापर्यंत परत गेलो आणि तिथूनच वळलो. त्यानं काय होणार? तुळशीराम आतच होता.

समिती आली. तीन जण होते. गावानं सडा घातला होता, पोरं फलक घेऊन उभी केली होती, तीही मीच. कागदावरच्या संडासांना रातोरात पत्र्याची दारं बसली होती. आत कुठं शेळ्या, कुठं सरपण, आणि बहुतेकांच्या आत काहीच नाही, दाराच्या मागं थेट बांध. समितीनं दारं मोजली. उघडली नाहीत. अंकुशरावांनी मटणाचं जेवण घातलं होतं. ते झालं आणि समितीतला एक गोरासा, चष्मेवाला सदस्य कासावीस झाला. त्यानं माझ्या कानात विचारलं, "मास्तर, जरा… जाऊन यायचंय."

सरपंचाच्या संडासाची किल्ली सापडेना. ती अंकुशरावांच्या थोरल्याच्या खिशात आणि थोरला फटाके आणायला गेलेला. बाकीच्या एकशे तेरा दारांपैकी एकही उघडता येत नव्हतं. सदस्याच्या कपाळावर घाम आला. त्याला चांगलंच कळून चुकलं होतं, पण त्या घडीला त्याला पुरस्काराची पडली नव्हती. शेवटी घोळव्यांनी बाटलीभर पाणी त्याच्या हातात दिलं आणि मला खूण केली. मी त्याला बाभळीत घेऊन गेलो. विहिरीपासून जपून नेलं. तो आत बसला आणि मी पाठ करून राखण केली, कुणी येऊ नये म्हणून. मग तो उठला, ग्रामपंचायतीत आला, हात धुतले आणि प्रमाणपत्रावर सही केली.

ढोल वाजले. गुलालात साहेबांनी मला जवळ बोलावलं आणि एक लिफाफा दिला. "तालुक्यालाच. मुख्य शाळेत. एक तारखेपासून."

"साहेब, तुळशीरामाचं?"

"अहो, सुटला की सकाळीच! घोळवे बोलले नाहीत का? जबाब दिला त्यानं, संपलं."

काय जबाब दिला ते घोळव्यांनी मला सांगितलं. आदल्या रात्री किरकोळ वाद झाला, ती रागात होती, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. खाली अंगठा. आठ दिवस आत बसून माणूस थकला होता. भांडण कबूल केलंस तर सोडतो, नाहीतर जाचाचं कलम लावतो, असं जमादारांनी सांगितल्यावर त्यानं अंगठा दिला.

लिफाफा खिशात घालून मी शाळेत आलो. कपाट आवरायला घेतलं. बाहेर ढोल चालूच होते. दारात कुणीतरी उभं राहिल्यासारखं वाटलं म्हणून वळलो तर तुळशीराम. दाढी वाढलेली, अंगात तेच मातीचे कपडे. मी खुर्ची दिली. तो खाली बसला.

"गुरुजी, एक काम हाय."

"बोल."

"तिची माय आलीय. माहेरनं, चालत. दोन दिस झाले घरात बसलीय, पाणी पीना."  त्यानं डोईचं फडकं सोडून मांडीवर ठेवलं. "ती इचारती, काय बोललास माझ्या लेकीला? म्या म्हणलं, काय बी न्हाई बोललो. तर म्हणती, मग अंगठा कशाला दिलास? खरं आसल्याबिगर कोण देतं का? बरुबर हाय तिचं."

मी कपाटाचं दार लोटलं.

"मग म्हणलं, व्हय, भांडलो. तर म्हणती, काय बोललास त्ये सांग. मला त्ये शब्द ऐकू दे. ते ऐकल्याबिगर म्या हितनं उठणार न्हाई." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "म्या लई आठवतोय गुरुजी. त्या राती आम्ही जेवलो, ती हसत होती कशाला तरी, आन् निजलो. भांडण कुठंच घावंना. तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा काय तरी. काय बोललो आसंन म्या?"

माझ्या जिभेवर खरं आलं होतं. अगदी टोकावर. तुळशीराम, शिट्टी माझी होती. चार शब्द. ते बोललो असतो तर तो कदाचित माझ्या अंगावर धावून आला असता, कदाचित माझ्या गळ्यात पडून रडला असता, आणि त्या म्हातारीनं पाणी तरी प्यायलं असतं. मी खिशावर हात ठेवला. लिफाफा होता.

"सांग, भाकरी करपली म्हणून बोललो," मी म्हणालो.

त्यानं विचार केला. "न्हाई मानायची. तिच्या लेकीची भाकरी करपत न्हाई, मायनंच शिकवलीय."

"मग असं सांग," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच वर्गातल्यासारखा वाटला. "ती म्हणाली, मला माहेरी जायचंय, आईला बघायचंय. आणि तू म्हणालास, काही नको जायला."

तुळशीरामानं ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग त्यानं मान हलवली.

"हे मानंल ती. तिला यायचंच होतं मायकडं."

"म्हणून दाखव."

"ती म्हणली, मायकडं जाते. म्या म्हणलं, काय नगं जायला."

"असं नाही. रागानं म्हण. भांडण होतं ना?"

त्यानं पुन्हा म्हटलं. रागानं म्हणताच येईना त्याला. तिच्याशी बोलताना जसा बोलत असेल तसाच हळू आवाज लागत होता. मी पुन्हा म्हणून घेतलं. तिसऱ्यांदा जमलं.